भोंगा कोणाकोणाला आठवतो? नागपूरच्या गिरणीवस्तीतल्या आठवणी

जुम्मातळं | रविवार, रात्री ९.५०

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

बाबा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी आवरताना एक पितळी बिल्ला सापडला. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, मधोमध आकडा ठोकलेला, वर एक भोक. भोक गोल नव्हतं, वरच्या अंगाला लांबट झिजलेलं होतं. बाबा एम्प्रेस मिलमध्ये रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात, होते हे आम्हा भावंडांना माहीत होतं, पण या बिल्ल्याचं ते काय करायचे हे आईलाही नीट सांगता आलं नाही. "हजेरीचं काहीतरी असंल," एवढंच म्हणाली. बाबांच्या खात्यातले एक काकाजी पाचपावलीत राहतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा न लावताच त्या भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "खिळ्यानं झिजलं हे. रोज टांगे अन् रोज काढे तुझा बाप."

त्यानंतर दोन तास ते बोलत होते. पाळ्या, मुकादम, जेवणाची सुटी, कोणाचं बोट कुठल्या मशीनमध्ये गेलं, पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर कोण कोण उभं राही. मी नुसती ऐकत बसले. घरी येऊन लिहायला घेतलं तर निम्मंही आठवेना. पुढच्या रविवारी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून पुन्हा गेले. तिथून हे सुरू झालं, त्याला आता चार वर्षं होतील. मी बँकेत नोकरी करते, इतिहास शिकलेली नाही, कोणत्या संस्थेचं काम नाही. साठेक माणसांशी बोलून झालंय.

मिलचा इतिहास छापील मिळतो. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढली. १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, मिल सुरू झाली म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून नागपूर का, तर कापूस इथला, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोचलेली. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून मिल उभी केली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, मिल राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज तिथे मॉल आहे.

पण पहिल्या पाळीच्या माणसाचा डबा करायला त्याची बायको किती वाजता उठायची? बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज लागणाऱ्याला, त्या दिवशी काम मिळालं नाही, तर घरी जायच्या आधी तो कुठे बसायचा? हे कुठल्याही पुस्तकात नाही. ज्यांना ठाऊक आहे ते पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत. गेल्या चार वर्षांत माझ्या यादीतली अकरा माणसं गेली.

"मिलबद्दल सांगा" म्हटलं की लोक म्हणतात, "काय सांगू बाई, चांगली होती मिल." तिथेच गाडी थांबते. "भोंगा झाला की तुमच्या घरात काय व्हायचं?" असं विचारलं की अख्खी पहाट समोर येते. टांडापेठेतल्या एका आजींचं बोलणं जसंच्या तसं देते.

"भोंगा होये तवा माय म्हणे, उठ वं पोट्टे, बाबाचा डबा बांध. मले चूल पेटवनं नाई जमे, धूरच होये. मंग माय फुंकनी घेऊन बसे. बाबा परत आले का केसात रुई, भुवयांवर रुई. मी लहान होती तवा मले वाटे, बाबा सकाळी तरणे जाते अन् संध्याकाळी बुढे होऊन येते."

इंदोऱ्यातल्या एका आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला अकरा वर्षांच्या होत्या. आपण दीक्षाभूमी म्हणतो, त्या अजूनही 'वॅक्सिनचं मैदान' म्हणतात, कारण तेव्हा ती ओळख होती. त्यांच्या आठवणीत बाजारात पांढरं लुगडं उरलंच नव्हतं. मग त्यांच्या आईने फिकं निळं लुगडं सोडा घालून उकळलं. एकदा, दोनदा, तीनदा. तरी काठाला निळं राहिलंच. तेच नेसून ती दीक्षेला गेली. ते लुगडं पुढे गोधडीत गेलं. आजींनी गोधडी काढून माझ्या मांडीवर पसरली. एका कोपऱ्यात, टाक्यांच्या खाली, हातभर लांबीची निळसर पट्टी अजून दिसते. मी फोटो काढला, पण फोटोत तो निळा उतरत नाही.

एक चूक सांगायची आहे. पहिल्या वर्षी सगळी रेकॉर्डिंग्ज मी एकाच फोनमध्ये ठेवली होती. फोन बंद पडला आणि तीन मुलाखती गेल्या. दोघांनी पुन्हा वेळ दिला. तिसरे आजोबा तोवर वारले होते. त्यांच्या मुलाने मला दारातच विचारलं, "ताई, बाबाचा आवाज हाये ना तुमच्यापाशी?" काय उत्तर दिलं ते इथे लिहवत नाही. आता प्रत्येक मुलाखतीच्या तीन प्रती असतात. एक घरी, एक भावाकडे अमरावतीला, एक ऑनलाइन. आणि त्याच आठवड्यात पेनड्राइव्ह त्या घरी देऊन येते.

इथे बरेच नागपूरकर आहेत, बाहेर गेलेलेही आहेत. कोणाच्या घरात मिलचं, मागाचं, रेल्वेचं कोणी असेल तर कळवा. तुम्हाला स्वतःला जे आठवतं तेही लिहा.


पाचपावली | सोमवार, सकाळी ७.१५

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी दोन भोंगे ऐकू येत. एम्प्रेसचा जाड आन् मॉडेल मिलचा बारीक. आमचे बाबा म्हणत, जाडा आपला, बारका शेजाऱ्याचा. आम्ही पोट्टे शाळेत जायला घड्याळ पाहतच नव्हतो, घड्याळ होतंच कोणाच्या घरी. बाबा बरीच वर्षं बदलीवर होते, मग पर्मनंट झाले. आई आहे, ब्याऐंशी पूर्ण. पण ती बोलत नाही फारशी. विचारलं का म्हणते, "त्यात काय सांगाचं हाये."


मुक्काम_ठाणे | सोमवार, सकाळी ११.३०

फार सुंदर काम. एकच सूचना, राग मानू नका. आजींचं बोलणं बाहेरच्या वाचकाला जड जातं. ध्वनिफितीत आहे तसं राहू द्यावं, पण लिहिताना प्रमाण मराठीत आणलंत तर जास्त लोकांपर्यंत पोचेल. अभ्यासकांनाही सोपं जाईल.


जुम्मातळं | सोमवार, रात्री १०.०५

@पाचपावली, तुमच्या 'जाडा आणि बारका'ने माझं एक जुनं कोडं सोडवलं. गणेशपेठेतले एक आजोबा पहिल्या भोंग्याची एक वेळ सांगतात, शुक्रवारीतल्या आजी दुसरीच. मी आजोबांच्या नावापुढे 'वय झालंय, गोंधळ असावा' अशी खूण करून ठेवली होती. आज वही काढून पाहिली. आजोबांचं घर मॉडेल मिलच्या अंगाला. दोघंही बहुतेक बरोबर असतील, आपापल्या मिलचा भोंगा सांगत असतील. दोघांकडे पुन्हा जाते. ती खूण मात्र आजच खोडली.

@मुक्काम_ठाणे, राग कशाला. सुरुवातीला मी तसंच करत होते. "बुढे होऊन येते"चं "म्हातारे होऊन येत असत" केलं आणि आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे कोन बोल्लं?" त्या दिवसापासून बदलणं सोडलं. अडेल त्या शब्दाचा अर्थ शेवटी देते, वाक्याला हात लावत नाही. त्यात माहितीही असते हो. कोष्ट्यांच्या घरात 'पाजण' म्हणतात, म्हणजे ताणा गल्लीत लांबलचक ताणून त्याला खळ लावायची आणि कुंचल्याने धागे मोकळे करायचे. मी 'सुताला खळ देणे' असं लिहिलं तर गल्ली जाते, कुंचला जातो, सकाळच्या उन्हात घरातल्या सगळ्यांनी मिळून केलेलं काम जातं. मोमिनपुऱ्यातले विणकर उर्दूमिश्रित हिंदीत बोलतात, तेही तसंच ठेवते. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथे दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात.


निळाई | मंगळवार, दुपारी २.२०

काम मोलाचं आहे, म्हणून थोडं परखड लिहिते.

तुम्ही लिहिलंत बाबा रिंगखात्यात होते. माझे आजोबाही रिंगखात्यात होते, आयुष्यभर. विणाईखात्यात पगार जास्त, मग ते तिकडे का गेले नाहीत, हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत आहे का? मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे. विटाळाचं कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना विणाईखात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. आमच्या घरी आजोबा एवढंच म्हणत, "आपलं खातं ठरलेलं होतं." कोणी ठरवलं, हे म्हणत नसत.

भोंगा, रुई, डबा हे सगळं खरं आहे. पण सगळे एकाच भोंग्याला उठत, तरी सगळे एकाच फाटकातून आत गेल्यावर एकाच ठिकाणी जात नव्हते. आठवणी गोळा करताना हे सुटलं तर मिल फार गोड होऊन बसेल.

आणखी एक. १९४२ च्या जुलैत मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन तिथेच जन्मलं. २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद भरली होती. माझी आजी मिलमध्ये रीळ भरायच्या खात्यात होती, ती तिथल्या बायांबरोबर गेली होती. आम्ही कधी तिला नीट विचारलं नाही आणि ती २००९ मध्ये गेली. ज्यांच्या आया-आज्या त्या मांडवात होत्या, त्यांच्याकडे आधी जा. ते लोक हातातून निसटत आहेत.


जुम्मातळं | बुधवार, रात्री ११.४०

@निळाई, तुमचा प्रतिसाद वाचून काल काहीच लिहिलं नाही. आधी माझ्याच वह्या पुन्हा वाचल्या.

तो प्रश्न माझ्या यादीत नव्हता, कारण मला तो कधी पडलाच नव्हता. विणाईखात्यातले म्हणून ज्यांच्याशी बोलले त्यातले बहुतेक कोष्टी घरांतले निघाले, हे लिहिलेलं समोर होतं, तरी मी ते माणसांची यादी म्हणून वाचलं होतं. त्याहून वाईट वाटलं ते पुढचं. गोधडीवाल्या इंदोऱ्याच्या आजींच्या मुलाखतीत, एकतिसाव्या मिनिटाला, त्या म्हणतात, "बाबाले दुसऱ्या खात्यात नाई घेतलं, मंग तिथंच राह्यले." यावर माझा पुढचा प्रश्न काय आहे? "आणि भोंगा झाला की?" मी तो भाग चार वेळा ऐकला. आजी थोडं थांबतात, आणि मग मला भोंग्याबद्दल सांगायला लागतात. माणूस दार उघडत होता आणि मी दुसरीकडे वळले.

रविवारी त्यांच्याकडे जाते आहे. यापुढे प्रत्येकाला तीन गोष्टी विचारणार. खातं कोणतं, त्या खात्यात आणखी कोण होते, आणि पाण्याचा माठ एकच होता का. तिसरा प्रश्न काकाजींनी सुचवला. त्यांना मी काल फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, "माठाचं विचार. खात्याचं लोक बोलत नाई, माठाचं बोलते."

१९४२ च्या महिला परिषदेच्या घरांची यादी आपण दोघी मिळून करूया का? तुम्ही बरोबर असाल तर लोक जास्त मोकळं बोलतील. आजीच्या बरोबरच्या बायांपैकी कोणाच्या लेकी-सुना सापडतात ते पाहू.


निळाई | गुरुवार, सकाळी ८.१०

येते. आईकडून चार नावं मिळाली आहेत. निरोपात पाठवते, इथे नको.


मोतीबाग | गुरुवार, दुपारी १.००

थोडं अवांतर. आमचे वडील मोतीबागच्या वर्कशॉपमध्ये, नॅरोगेजवर. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये बंद झाली, नागभीडची २०१९ मध्ये. इंजिनं मोतीबागच्या संग्रहालयात आहेत, लोक फोटो काढतात. पण त्या इंजिनाला हात लावून काम केलेली माणसं घरी बसून आहेत. वडिलांना विचारलं तर तारखांवरच अडतात. "साल नाई आठवत" म्हणतात आणि गप्प होतात. काय करावं?


जुम्मातळं | गुरुवार, रात्री ९.३०

साल विचारूच नका. परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं त्यांना. "तुमच्या लग्नाच्या आधी की नंतर?", "इंदिराबाई गेल्या तेव्हा ड्यूटीवर होता का?", "कपिलदेवचा वर्ल्डकप कुठे ऐकला?" असं विचारा. साल आपण घरी बसून काढायचं. आपल्याकडे सण फार उपयोगी पडतात. एका आजोबांना अपघाताचं वर्ष आठवेना, पण हात पट्टीत असताना मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला गेलो आणि कोणी धक्का मारला हे पक्कं आठवत होतं. म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, महिना तरी हाती लागला. त्यावरून ते काळी मारबत १८८१ ची, पिवळी १८८५ ची, आपल्या आज्याने दोन्ही पाहिल्या, असं सांगत दीड तास बोलले.

हातात वस्तू द्या. वडिलांचा जुना पाना, टोपी, पास, काहीही. माझ्या बिल्ल्याने जे केलं ते माझ्या कुठल्याच प्रश्नाने केलं नाही. आणि ते थांबले की तुम्हीही थांबा. आपल्याला ती शांतता जड जाते म्हणून आपण पुढचा प्रश्न टाकतो. वर लिहिलंच आहे, मी काय गमावलं ते.

पंखा बंद करून रेकॉर्ड करा, फोन उशीवर ठेवू नका, आवाज दबतो. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं मोठ्याने बोला. वीस वर्षांनी फाइलीचं नाव हरवलं तरी आवाजातच पत्ता राहील.


अंबाझरी_लेआउट | शुक्रवार, सकाळी १०.४५

आम्हाला उशीर झाला असं वाटतं. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आजोबांच्या वेळचे दोन अल्बम खालच्या कपाटात होते. सुकवले, पण फोटो एकमेकांना आणि प्लॅस्टिकला चिकटून बसलेत. टाकून द्यायचं मन होत नाही. त्यातून काही निघेल का?


चितारओळ | शुक्रवार, दुपारी ४.००

@अंबाझरी_लेआउट, टाकू अजिबात नका. मी फोटो दुरुस्तीचं काम करतो. अशा अल्बममधून निम्मे तरी वाचवले आहेत.

आधी आहे त्या अवस्थेत प्रत्येक पानाचा, वरच्या प्लॅस्टिकसकट, मोबाईलने चांगल्या उजेडात फोटो काढा. पुढे काही बिघडलं तरी एवढं राहील. ओढून सोडवायला जाऊ नका, चेहराच प्लॅस्टिकला निघून येतो. कृष्णधवल जुने फोटो बरेचदा स्वच्छ थंड पाण्यात भिजवले की आपोआप सुटतात, पण एकदा सुकून बसलेल्यांचं सांगता येत नाही. आधी ज्याची दुसरी प्रत आहे असा एखादा घेऊन पाहा. रंगीत असतील तर घरी करूच नका. सुटलेला फोटो चेहरा वर करून टीपकागदावर सावलीत वाळवायचा. उन्हात नाही, इस्त्री नाही.

ज्यांच्याकडे पुढच्या पावसात फोटो भिजतील त्यांच्यासाठी, ओले असतानाच वेगळे करा. त्या दिवशी वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर सावकाश करता येतं. आणि कृपा करून जुन्या फोटोंना लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमाने करतात आणि फोटो कायमचा अडकतो.

तुमचा अल्बम घेऊन या, मी बघतो. पैशांचं नंतर पाहू.


अंबाझरी_लेआउट | शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

डोळ्यांत पाणी आलं. रविवारी आणतो. त्यात आजोबांचा एका मोठ्या गटाबरोबरचा फोटो आहे, मागे धुरांडं दिसतं. कुठलं ते आम्हाला कोणालाच माहीत नाही.


जुम्मातळं | शुक्रवार, रात्री ८.००

धुरांडं! स्कॅन झाला की मला पाठवा. काकाजींना दाखवते, ते धुरांड्यावरून मिल ओळखतात. फोटोतल्या माणसांची नावं कोणी सांगितली तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, दुसऱ्या बाजूला उमटतं.


मुक्काम_ठाणे | शुक्रवार, रात्री ९.१५

भाषेबद्दलचं पटलं, मागे घेतो. एक विचारायचं होतं. लोक खाजगीही बोलत असतील. कर्ज, दारू, भांडणं. ते सगळं तुम्ही ठेवता का? आणि हे शेवटी जाणार कुठे?


जुम्मातळं | शनिवार, सकाळी ९.४०

बोलणं संपलं की मी संपूर्ण त्यांच्यासमोर वाजवून दाखवते. वेळ जातो, पण ते स्वतःच सांगतात, "हे ठेव, हे काढ." एका आजोबांनी मिल बंद पडल्यावरच्या दोन वर्षांबद्दल सगळं सांगितलं होतं, सावकार, बायकोचं मंगळसूत्र, सगळं. महिन्याभराने त्यांच्या मुलाचा फोन आला, वडिलांचं नाव नको. नाव काढलं. मुलाने आवाजही काढायला सांगितला असता तर तोही काढला असता. ती त्यांची गोष्ट आहे, मी सांभाळणारी आहे फक्त. संमती कागदावर घेते, पण सही करताना हात थरथरतो अशांकडून आवाजातच घेते.

कुठे जाणार, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. पण आधी मोहल्ल्यात परत जायला हवं असं मला वाटतं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या रविवारी एका देवळाच्या ओसरीवर स्पीकर लावून पंचवीस मिनिटांचं ऐकवलं. चाळीस-एक माणसं होती. एका आवाजात आलं की जेवणाच्या सुटीत फाटकापाशी चिवडा मिळे, तर मागून एक बाई उठून म्हणाल्या, "चिवडा नाई, फुटाणे. माझी सासूच विकत होती." त्या दिवशी मला तीन नवी घरं मिळाली. ग्रंथालयात ठेवलं असतं तर ही सासू कधी सापडली नसती. अभ्यासक येतील तेव्हा येतील, त्यांच्यासाठी प्रती तयार आहेत.


मोतीबाग | रविवार, दुपारी ३.३०

वडिलांच्या हातात त्यांचा जुना हातकंदील दिला. एक तास बावीस मिनिटं. बाकी नंतर लिहितो, आत्ता ते परत हाक मारतायत.


पाचपावली | रविवार, रात्री १०.२५

ताई, आज आईजवळ बसलो. तुमच्या सांगण्याप्रमाणे पंखा बंद केला, फोन पाटावर ठेवला. हाती द्यायला काही नव्हतं, बाबांचा जेवणाचा डबा तेवढा माळ्यावरून काढला. तीन पुडाचा, पितळी, झाकणाला चेप आलेला. तिनं तो मांडीवर घेतला न् झाकण उघडून वास घेतला. मग बराच वेळ काही बोलली नाही. मी पण नाही बोललो. मग आपणच सुरू झाली. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं ना, बदलीवाला कुठे बसायचा म्हणून. ऐकून लिहिलं आहे, एक शब्द बदलला नाही.

"तुझ्या बाबाले रोज नाई मिळे काम. फाटकापाशी उभे राहे, नाव नाई आलं का नाई आलं. पण घरी नाई ये लवकर. तलावाच्या पायरीवर बसे, जुम्मा तलावाच्या. डबा तिथंच खाये. भोंगा झाला का मंग घरी ये, पाळी सुटल्यावानी. हात-पाय धुये, च्या पिये, म्हणे आज लई काम होतं. मी म्हणो, हो का. मले समजे ना पन. त्या दिवशी केसात रुई नसे."

मी विचारलं, "तू कधी त्यांना बोलली नाही?"

"काहून बोलू? डबा तर रिकामा आने ना."


जुम्मातळं | रविवार, रात्री १०.५०

दोनदा वाचलं. या फाइलीच्या आजच तीन प्रती करा, झोपायच्या आधी. आईंना चालत असेल तर पुढच्या रविवारी मी येऊ का?


पाचपावली | रविवार, रात्री ११.०५

केल्या. या ना. दुपारी नको, ती झोपते. चारनंतर या.